एका तिथीने मागे

“टीव्हीचा पानी काल परत चुकला गो,” काशीमावशी म्हणाली आणि तिच्या शेजारी बसलेली बाई तोंडाला पदर लावून हसली.

मी त्यांच्यासमोरून चालले होते. ठाण्यात, नौपाड्याला, आमच्या ऑफिसच्या गल्लीच्या तोंडाशी या दोघी पाट्या घेऊन बसायच्या. श्रावण असल्यामुळे काशीमावशीच्या पाटीत फारसं काही नव्हतं. सुका जवळा, थोडे बोंबील आणि ओल्या फडक्याखाली नांग्या दोरीनं बांधलेल्या चार चिंबोऱ्या. नौपाड्यातली निम्मी घरं हा महिनाभर तिच्याकडे पाठ फिरवतात, त्यामुळे तिला बोलायला वेळ होता. “सव्वासातला भरनार म्हनं. मी सव्वासातला जाऊन बघते तं घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या. भरला तो आठाला!”

रोजच्यासारखी मी मान खाली घालून, पर्स पोटाशी धरून पुढे गेले. दहा पावलांवर थांबले. पाऊस नव्हता तरी छत्री उघडायचं नाटक केलं. टीव्हीवरचं ते पाणी माझं होतं, आणि हे त्या गल्लीत मला एकटीलाच माहीत होतं.

त्याला आता वर्ष झालं. यंदाचा श्रावण लागला तो मला आधी कळला कीबोर्डवरून. त्याच्यावरचं प्लॅस्टिकचं कव्हर आतून दमट होतं आणि काढताना बोटांना चिकटतं. मग ऑफिसच्या दाराबाहेर चपलांची ओळ ओली दिसायला लागते. आमच्याकडे कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही असा नियम आहे, देवघरासारखा. गार फरशीवर अनवाणी पाय टेकले की मला गेल्या वर्षीचे ते चार-पाच दिवस आठवतात. तेव्हा पायाखालची फरशी अशीच गार होती.

आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, खाली दातांचा दवाखाना. ड्रिलचा आवाज जिन्यातून वर यायचा आणि आमच्या मोडेमच्या किंचाळण्यात मिसळायचा. पराडकर सर मालक, मिलिंद माझ्याहून तीन वर्षांनी सीनियर, आणि मी. त्या वर्षी सरांना इंटरनेटचं वेड लागलं होतं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत दिसणाऱ्या एका केबल चॅनेलचे मालक, शिर्केशेठ, सरांचे ओळखीचे. त्यांच्या पडद्यावर खालून सरकणाऱ्या पट्टीत रोजची भरती-ओहोटी द्यायची, असं दोघांत ठरलं. खाडीकाठच्या वस्त्यांना उपयोग होईल, आणि चॅनेल जरा वजनदार दिसेल.

काम माझ्याकडे आलं, कारण ते कंटाळवाणं होतं. बंदराच्या भरती-ओहोटीचं छापील पुस्तक घेऊन मी वर्षभराचे आकडे टाइप केले. ठाण्याच्या खाडीत पाणी वर चढायला वेळ घेतं, म्हणून प्रत्येक आकड्यात अर्ध्या तासाची भर घातली. ते सगळं अमेरिकेतल्या एका सर्व्हरवर ठेवलं. ती भाड्यानं घेतलेली जागा होती. पूर्वेकडच्या कुठल्याशा शहरात, एवढंच सरांना माहीत. मग मी एक प्रोग्राम लिहिला. तो माणसांसाठी नव्हता, दुसऱ्या कॉम्प्युटरसाठी होता. शिर्केशेठच्या कॉम्प्युटरनं सकाळी सहाला फोन लावून विचारायचं, आणि माझ्या प्रोग्रामनं उत्तर द्यायचं. बस्स.

त्यासाठी एक लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांची जुडी, मिळाली होती. जगातल्या कुणा अनोळखी माणसानं लिहून सगळ्यांसाठी खुली ठेवलेली. आलेला प्रश्न कसा घ्यायचा, त्याची मोडतोड कशी करायची, उत्तर कशात गुंडाळून परत पाठवायचं, हे सगळं ती करायची. मी फक्त मधलं उत्तर लिहायचं. मला ती लायब्ररी इतकी आवडली की तिच्या माहितीची पानं छापून मी घरी नेली आणि कादंबरीसारखी वाचली. दारात उभं राहून आल्यागेल्याशी बोलायचं काम दुसरं कुणीतरी करतंय आणि आपण आतल्या खोलीत शांत बसलोय. याहून चांगली नोकरी मला सुचली नसती.

माझ्या शाळेत मराठी बोललं की फळ्याच्या कोपऱ्यात नाव लिहीत. घरी सगळे मराठी, खेळायला मराठी, आणि नऊ ते तीन इंग्रजी. इंग्रजीत मला पटकन सुचायचं नाही आणि मराठीत सुचलेलं बोलायची सोय नव्हती. म्हणून मी दोन्हींवर एकच उपाय काढला. पहिलीत एकदा आणि तिसरीत एकदा, एवढंच माझं नाव त्या फळ्यावर आलं. बाई आईला म्हणाल्या होत्या, “शी इज सो वेल-बिहेव्ड.” आई खूश झाली. वर्गात मी तासन् तास बोललेली नसे हे तिला कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

सवयी माणसाच्या हातून कागदावर उतरतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

प्रोग्राम तयार झाला तेव्हा सरांनी पडद्यावर उत्तर पाहिलं. एकच ओळ, आकडे आणि आकडे. भरतीची वेळ, पाण्याची उंची, ओहोटीची वेळ. “वा, अनघा! विचारलं तेवढंच. नाहीतर आमचा मिलिंद. वेळ विचारली तर घड्याळाचा इतिहास सांगेल.”

“सर, इतिहास माहीत असावा लागतो,” मिलिंद म्हणाला.

“आणि तारीख पाठवायची विसरले तर?” सरांनी मला विचारलं.

“मग आजची धरते,” मी म्हणाले. “आणि पुढच्या दिवसांची यादी मागितली तर आजपासून मोजते.”

“म्हणजे त्यांना काही करायलाच नको. ह्याला म्हणतात शहाणपण.”

ते शहाणपण मी आठवडाभर मनात घोळवलं. डोंबिवलीला घरी तर उत्सवच होता. सकाळी सातला बाबा टीव्हीसमोर चहा घेऊन बसायचे, पट्टी आली की हाक मारायचे, “अनू, तुझं पाणी आलं बघ!” आणि आकडे मोठ्यानं वाचायचे. आमच्या घरातल्या कुणाचाच खाडीशी काही संबंध नव्हता. तरी आईनं खालच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं होतं, आमच्या अनूला समुद्राचं टाइमटेबल करायला दिलंय.

काशीमावशीचं ते बोलणं मी एकादशीला ऐकलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी आकडे वाचले तेव्हा मी छापील पुस्तक मांडीवर उघडून बसले होते. पट्टीत येत होती ती भरती आजची नव्हती. कालची होती. मी पान उलटून पुन्हा पाहिलं. बाबा म्हणाले, “काय गं, परीक्षा आहे का?” मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

ऑफिसला पोचून आधी मोडेम लावला. प्रोग्रामला विचारलं. उत्तर बरोबर आलं. आजच्या तारखेचं, मिनिटासकट.

मी पाचदा विचारलं. पाचही वेळा बरोबर.

“अगं, त्यांचा ऑपरेटर सकाळी अर्धा झोपेत असतो,” मिलिंद म्हणाला. “कालचीच पट्टी सोडत असेल. तू टेन्शन नको घेऊ यार. आपलं चालतंय ना? झालं तर मग.”

मला ते पटवून घ्यायचं होतं. दिवसभर मी ते पटवून घेतलंसुद्धा. फक्त मध्येच उठून मी मोडेम लावत होते आणि विचारत होते. जेवणाआधी, जेवणानंतर, घरी निघताना. दर वेळी तेच बरोबर उत्तर यायचं आणि दर वेळी मला आधीपेक्षा जास्त भीती वाटायची. चूक दिसते तेव्हा तिला हात घालता येतो. ही दिसतच नव्हती.

भरतीबद्दल मी तेव्हा बरंच वाचलं होतं, पण पाहिली नव्हती. यंदा मी दोन-तीनदा खाडीच्या घाटावर जाऊन बसले. मला वाटायचं भरती म्हणजे लाटा, आवाज. खाडीत तसं काही नसतं. पाणी तिवरांच्या मुळांमधून आत शिरतं, काही न बोलता. चिखलावर निवट्या, ते चिखलातले छोटे मासे, उड्या मारत असतात, चिखलाचा तो आंबूस वास नाकात असतो, आपण दुसरीकडे बघतो आणि परत वळून बघेपर्यंत एक पायरी कमी झालेली असते. आपण मोजतोय असं वाटतं आणि मोजायचं राहून जातं. आणि पूर्ण भरल्यावर ते थोडा वेळ नुसतं थांबतं. पुढे नाही, मागे नाही. त्या थांबण्याकडे बघून, आता ते उतरणार की अजून चढणार, हे नवख्या माणसाला सांगता येत नाही. मला अजूनही येत नाही.

त्रयोदशीच्या सकाळी मी काशीमावशीपुढे उभी राहिले. दोन वर्षं तिच्यासमोरून जात होते, पण बोलले नव्हते. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते सगळं विसरले.

“चिंबोऱ्या?” ती म्हणाली. “तुम्ही खानारे दिसत नाय.”

“नाही. पाणी. म्हणजे टीव्हीवरचं. ते रोज चुकतं का?”

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “तुमी टीव्हीवाल्या?”

“नाही,” मी म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

“रोज चुकते,” ती शेजारणीला आणि मला दोघींना सांगत म्हणाली. “आनी रोज सारकाच चुकते. पाऊन तास. हे बघा बाय.” तिनं अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायला सुरुवात केली. “आज तेरस. तेराचा पाऊनपट किती? पावनेधा. त्याच्यात आपले खाडीचा अर्धा तास घाला. सव्वाधा. आज सव्वाधाला पानी भरनार. टीव्ही काय बोलला सकाली?”

“साडेनऊ.”

“म्हंजे तो बारसचा. तुमचे टीव्हीचा घड्याल बरोबर हाय गो बाय. त्याची तिथी एकानं मांगं हाय.”

शेजारीण म्हणाली, “त्याला उपास लागला असंल, एकादशी सोडवलीच नाय त्यानं!” दोघी खळखळून हसल्या.

मी वर्षभराचे आकडे टाइप केले होते आणि मला हे एकदाही दिसलं नव्हतं, की पाणी रोज साधारण पाऊण तासानं उशिरा येतं. आणि म्हणून पाऊण तासाची चूक ही मिनिटांची चूक नसतेच. ती एका अख्ख्या दिवसाची असते. तिला हे बोटांवर माहीत होतं. जिना चढताना दवाखान्यातलं ड्रिल वाजत होतं आणि पहिल्या वळणावर मला एकदम कळलं. माझा प्रोग्राम “आजची तारीख” कुणाला विचारतो? तो जिथे राहतो तिथल्या घड्याळाला. अमेरिकेतल्या घड्याळाला.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. अजून खात्री नाही, असं स्वतःला सांगितलं. खात्री करून घेणं ही न बोलण्याची सगळ्यात सभ्य पद्धत आहे.

चतुर्दशीला ऑफिसची किल्ली मागून घेतली आणि साडेसातला उघडलं. दवाखाना बंद, जिन्यात ओल्या पोत्याचा वास. चपला काढल्या. मोडेम लावला, विचारलं. उत्तर आलं, सव्वादहा. कालचं.

मग मी बसून राहिले. आमचं ऑफिस दहाला उघडतं. आम्ही केलेली प्रत्येक तपासणी दहानंतरची होती, आणि दहानंतर तिकडेही आपलीच तारीख लागलेली असते. शिर्केशेठचा कॉम्प्युटर सहाला विचारत होता, तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची रात्र असायची. आठ वाजता विचारलं. सव्वादहा. नऊला. सव्वादहा. नऊ पंचवीसला. सव्वादहा. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा साडेनऊवर आला, मी पुन्हा विचारलं आणि पडद्यावरचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत बदलला. अकरा.

समुद्रापलीकडच्या कुठल्याशा गावात त्या क्षणी मध्यरात्र उलटली होती आणि मला पकडून देत होती.

दुरुस्ती तीन ओळींची होती. तारीख काढताना आपली वेळ धरायची. मी ती केली, सर्व्हरवर चढवली, पुन्हा विचारलं. सगळं दहा मिनिटांत झालं, कुणी यायच्या आत. उद्यापासून पट्टी बरोबर जाणार होती. पाठ टेकली. हलकं वाटलं. कुणाला कळण्याचं कारणच नव्हतं.

मग सरांच्या टेबलावर निमंत्रणपत्रिका दिसली.

ती तिथे आठवडाभर होती. गुळगुळीत कागद, वर नारळाचं चित्र. शिर्केशेठच्या चॅनेलनं आणि खाडीजवळच्या नव्या सोसायट्यांनी मिळून नारळी पौर्णिमेचा कार्यक्रम ठेवला होता, घाटावर, थेट प्रक्षेपणासह. कोळीवाड्याचा नारळ वेगळा, त्यांच्या बंदरावर. हा नव्यांचा. पत्रिकेत लिहिलं होतं: भरतीची वेळ सकाळी अकरा, नारळ अर्पण. सव्वाअकरा, शालेय विद्यार्थ्यांचं लेझीम, घाटाच्या पायऱ्यांवर.

पडद्यावर आजचे अकरा होते. हातात उद्याचेही अकरा. पाणी दोन दिवस एकाच वेळी भरत नाही. मी प्रोग्रामला उद्याचं विचारलं. पावणेबारा.

दहा दिवसांपूर्वी, पत्रिका छापण्याआधी, शिर्केशेठच्या कॉम्प्युटरनं सकाळी सहाला पुढच्या पंधरा दिवसांची यादी मागितली होती. माझ्या प्रोग्रामनं पंधरा ओळी दिल्या. आकडे आणि आकडे. कुठली ओळ कुठल्या दिवसाची हे त्यानं कुठेच म्हटलं नव्हतं. त्यांनी त्यांच्या बाजूनं आजपासूनच्या तारखा समोर लिहिल्या. एका ओळीत जरी तारीख असती तरी त्यांच्या त्या झोपाळू ऑपरेटरलासुद्धा दिसलं असतं, की ही तर कालची आहे. सरांनी ज्याला शहाणपण म्हटलं होतं, ते हे. विचारलं तेवढंच सांगायचं, आणि आपण कुठून बोलतोय ते कळू द्यायचं नाही. मी माझ्या हातानं अगदी माझ्यासारखंच काहीतरी बनवलं होतं.

आता, वर्षभरानंतर, उत्तराच्या पहिल्या ओळीत तारीख असते, गावाचं नाव असतं, घड्याळ कुठलं तेही असतं. उत्तर लांबलंय. मिलिंद मला चिडवतो, “काय मॅडम, इतिहास?”

त्या सकाळी सर आले, तेव्हा मी त्यांच्या केबिनच्या दारात गेले. ते फोनवर होते. “हो हो, चारला पोचतो. दोघांनाही आणतो.” रिसीव्हर तसाच धरून त्यांनी भुवया उंचावल्या. “बोल.”

“काही नाही सर.”

“आज चारला डोंबिवलीला शिर्केंकडे जायचंय, उद्याच्या कार्यक्रमाचं शेवटचं ठरवायला. तूही चल. उद्या व्यासपीठावर ते तुझं नाव घेणार आहेत. पुढचं काम पण तिथेच जाहीर करतायत.” त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की मी परत माझ्या जागेवर आले. जेवणाचा डबा उघडला आणि झाकला. दुपारभर मी वाक्यं करत होते. देअर सीम्स टू बी अ स्मॉल डिस्क्रिपन्सी. वेळेत थोडी गडबड झालेली दिसते. जरा पुन्हा तपासून घेतलं तर बरं. एकेक वाक्य गुळगुळीत होतं, पत्रिकेसारखं. त्यातल्या एकातही पाणी नव्हतं आणि मीही नव्हते.

शिर्केशेठचं ऑफिस पोळीभाजी केंद्राच्या वर. गरम तव्याचा वास, वायरींचे भारे, एका कोपऱ्यात निळ्या पडद्यापुढे निवेदिकेची खुर्ची. टेबलाभोवती आम्ही सहा-सात जण. माझ्या समोर सावंतबाई बसल्या होत्या, लेझीम बसवणाऱ्या शाळेच्या शिक्षिका. मांडीवर वही, वहीत घाटाच्या पायऱ्यांचं पेन्सिलीनं काढलेलं चित्र आणि त्यावर बारीक बारीक टिंबं. प्रत्येक टिंबाखाली एक नाव होतं. मला उलटं वाचता येतं. नेहा. प्रथमेश. जुई. त्या दिवसापर्यंत मी “पाणी” आणि “वेळ” आणि “चूक” असा विचार करत होते. पायऱ्यांवर नावं आहेत हे मी पाहिलं नव्हतं.

“पाण्याला लागून खालच्या तीन पायऱ्यांवर चाळीस मुलं,” सावंतबाई म्हणाल्या. “पाचवी-सहावीची. मला जरा वरच उभी करायची होती.”

“बाई, कॅमेऱ्यात मागे पाणी दिसलं पाहिजे,” शिर्केशेठ म्हणाले. “वर उभी केली तर मागे काय दिसणार? सार्वजनिक शौचालय.” सगळे हसले.

“पण शेवाळ असतं हो. पाणी तेव्हा उतरत असेल ना नक्की?”

“अकराला फुल्ल. सव्वाअकराला मागे जायला सुरुवात. पाणी एकेक पायरी खाली जाणार, मुलं लेझीम खेळत एकेक पायरी खाली येणार. काय दिसेल सांगा!”

सोसायट्यांच्या वतीनं आलेले एक गृहस्थ म्हणाले, “कोळीवाड्यातले लोक पावणेबारा म्हणत होते.”

“अहो, ते बोटांवर मोजतात. आपलं कॉम्प्युटरवर काढलंय.” शिर्केशेठनी हात माझ्याकडे केला. “ह्या मॅडमनी. मॅडम बोलत नाहीत, पण त्यांचं मशीन बोलतं.”

पुन्हा हशा. पराडकर सर माझ्याकडे बघून हसले, अभिमानानं. मिलिंदनं कोपरानं ढोसलं. सावंतबाईही माझ्याकडे बघत होत्या, पण त्या हसत नव्हत्या. त्या खरोखर विचारत होत्या.

उद्या पौर्णिमा, वर्षातली मोठी भरती. सव्वाअकराला पाणी उतरत नसणार. अजून अर्धा तास चढत असणार, काही न बोलता, आणि मुलांचं लक्ष ताशाकडे असणार, मोठ्यांचं कॅमेऱ्याकडे. मला माहीत होतं की बोलले तर सरांच्या चेहऱ्यावरचं ते हसू माझ्यासमोर विझणार. पत्रिका सगळीकडे वाटून झाल्या होत्या. नवं काम जाईल. कदाचित मीही जाईन. आणि मला हेही माहीत होतं की दोन मिनिटांत चहा येईल, विषय बदलेल, सावंतबाई वही मिटतील, आणि मग मला पुन्हा कुणी विचारणार नाही. शाळेत असं खूपदा झालं होतं. प्रश्न माझ्या बाकापर्यंत यायचा, थोडा थांबायचा आणि पुढे जायचा.

सावंतबाईंनी पेन्सिलीला टोपण लावलं. “बरं. मग खालच्या पायऱ्या पक्क्या?” त्या सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या.

“पक्क्या,” शिर्केशेठ म्हणाले.

मी उभी राहिले. उभं राहायची काही गरज नव्हती. खुर्ची मागे सरकली तिचा आवाज फार मोठा झाला आणि सगळे माझ्याकडे वळले. दुपारभर जुळवलेल्या वाक्यांतलं एकही मला आठवेना.

“नाही,” मी म्हणाले. “बाई, मुलांना खाली उतरवू नका. उद्या पाणी पावणेबाराला भरणार आहे. कोळीवाड्यातले लोक बरोबर आहेत. पत्रिकेतली वेळ चुकीची आहे, ती मशीननं चुकवलेली नाही. मी चुकवली आहे.”